छातीचा एक्स-रे, स्तनाची गाठ आणि इंग्रजी रिपोर्ट

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील मराठी भाषक स्त्रियांच्या हाती दवाखान्यातून पडणारा रिपोर्ट बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. तो छातीचा किंवा स्तनाचा असेल, तर त्यातील शब्दांचा अर्थ न कळल्यामुळे होणारे नुकसान कधीकधी भरून येत नाही. या विषयाकडे आपल्या वाचकांचे, आमच्या भागातील डॉक्टरांचे आणि आरोग्य खात्याचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली तरी गावातील बायकांनी इंग्रजी कागद घेऊन माझ्या घरी येणे थांबलेले नाही. बँकेची नोटीस, विम्याचे पत्र, मुलीच्या कॉलेजचा फॉर्म हे त्यात असतेच; परंतु अलीकडे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सीचे कागद बरेच वाढले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान किंवा उपचार यांबद्दल कोणालाही काही सांगत नाही. शब्दाचा अर्थ तेवढा सांगते. अर्थ समजलेली बाई पुढच्या खेपेस डॉक्टरांसमोर गप्प बसत नाही, नेमका प्रश्न विचारते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

गोंधळाची सुरुवात रिपोर्ट हाती येण्याच्याही आधी, केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी होते. आमच्या खेड्यांतील बायका स्तन हा शब्द सहसा उच्चारत नाहीत. तो त्यांना पुस्तकी वाटतो आणि चारचौघांत, त्यातही परक्या पुरुषासमोर, तो तोंडातून निघत नाही. बाळाला पाजण्याविषयी बोलताना त्या ‘अंगावर पाजते’ म्हणतात, दुखत असेल तर ‘छातीत दुखतंय’ म्हणतात आणि गाठ लागली तर ‘छातीत गाठ आहे’ म्हणतात. घरात हे सर्वांना बरोबर कळते. दवाखान्यात मात्र त्या ‘छाती’चे इंग्रजीत ‘चेस्ट’ होते, आणि वैद्यकीय व्यवहारात चेस्ट म्हणजे बरगड्यांचा पिंजरा व त्याच्या आतील हृदय, फुप्फुसे, अन्ननलिका असा सगळा भाग. बरगड्यांच्या वर, कातडीखाली असणारी दुधाची ग्रंथी म्हणजे ‘ब्रेस्ट’. चेस्टचे डॉक्टर वेगळे, ब्रेस्ट तपासणारे सर्जन वेगळे, तपासण्या वेगळ्या आणि त्या ज्या यंत्रांवर होतात ती यंत्रेही वेगळी.

याचा परिणाम काय होतो, ते आमच्याच तालुक्यातील एका गावात मी जवळून पाहिले. पन्नाशीच्या एका बाईंनी एका दवाखान्यात ‘छातीत दुखतंय, गोळा आल्यागत वाटतंय’ असे सांगितले. चिठ्ठीवर ‘चेस्ट पेन’ एवढेच लिहिले गेले. ईसीजी निघाला, छातीचा एक्स-रे निघाला, दोन्ही व्यवस्थित आले आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन त्या घरी परतल्या. पुढे कधी कोणी विचारले तर त्या फोटोचे पाकीट काढून दाखवत आणि म्हणत, ‘‘छातीचा फोटो काढलाय बाई, काय न्हाई म्हटलेत.’’ छातीच्या साध्या एक्स-रेवरून स्तनातील गाठीची तपासणी होत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचा प्रसंगच आला नव्हता, कारण गाठ स्तनात आहे ही गोष्ट कागदावर उतरलीच नव्हती. बऱ्याच महिन्यांनी आंघोळ घालताना सुनेच्या हाताला ती गाठ लागली, तेव्हा काखेतही एक गाठ आली होती. खिडकीवर किंवा तपासणीच्या खोलीत ‘छातीत म्हणजे आत दुखतंय की अंगावर गाठ लागतीय?’ असा एक प्रश्न मराठीत विचारला गेला असता, तर मधले ते महिने गेले नसते. त्या दवाखान्याचे नाव मी येथे देत नाही, कारण हे कोणत्याही दवाखान्यात घडू शकते आणि घडत असावे असे मला वाटते.

हा प्रश्न केवळ मराठी बायकांचा नाही, हेही येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. शेजारच्या कन्नड भाषक स्त्रियांचीही तीच अडचण आहे. कन्नडमध्ये ‘एदे’ हा शब्द छाती आणि स्तन या दोन्हींसाठी चालतो. ‘एदे नोवु’ म्हणजे छातीतील दुखणे आणि ‘एदे हालु’ म्हणजे आईचे दूध. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा कर्मचारी कन्नड बोलणारा असो वा मराठी, इंग्रजीत लिहिताना तो त्याच जागी चुकण्याचा संभव आहे. आमच्या सीमाभागात भाषेवरून पुष्कळ कटुता झाली आहे. या बाबतीत मात्र दोन्ही भाषांच्या बायका एकाच रांगेत उभ्या आहेत.

खुद्द इंग्रजीतही हे शब्द आज आहेत तितके वेगळे पूर्वी नव्हते. ‘ब्रेस्ट’ हा फार जुना शब्द असून छातीचा सगळा पुढचा भाग आणि त्यात वसणारे मन अशा अर्थांनीही तो वापरला जात असे. ‘चेस्ट’चा मूळ अर्थ पेटी, लॅटिन आणि ग्रीकमधून तो इंग्रजीत आला आणि सोळाव्या शतकात बरगड्यांच्या पिंजऱ्याला लावला गेला. ‘बुझम’ हा शब्द साहित्यात आढळतो, ‘बस्ट’ हा तयार कपड्यांच्या मापाच्या तक्त्यावर दिसतो. हे दोन्ही शब्द वैद्यकीय कागदावर सहसा येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे वळण्याचे कारण नाही.

वैद्यकीय कागदावर येतात ते लॅटिन आणि ग्रीक धातूंपासून बनलेले लांबलचक शब्द. त्यांची भीती वाटते, परंतु ते ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे आणि नववी-दहावीच्या मुलींना ती एका तासात शिकवता येते. शब्दाच्या आरंभी ‘मॅम’ किंवा ‘मॅस्ट’ असेल तर तो स्तनाविषयी आहे असे बहुतांशी समजावे, कारण स्तनाला लॅटिनमध्ये ‘मामा’ आणि ग्रीकमध्ये ‘मास्तोस’ म्हणतात. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे, मॅस्टायटिस म्हणजे स्तनाचा दाह, मॅस्टेक्टमी म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया. पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या वर्गाला कार्ल लिनियस याने १७५८ साली ‘मॅमेलिया’ हे नाव दिले तेही याच धातूवरून, आणि शाळेत आपण ते ‘सस्तन प्राणी’ म्हणून शिकतो. याउलट ‘थोरॅक्स’, ‘पेक्ट’ किंवा ‘स्टेथ’ दिसले तर तो शब्द छातीचा. न्यूमोथोरॅक्स म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत हवा शिरणे, अंजायना पेक्टोरिस म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत येणारी कळ. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ‘एक्स्पेक्टोरंट’ लिहिलेले असते. छातीतील कफ बाहेर काढणारे, इतकाच त्याचा अर्थ. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘एक्टमी’ असेल तर कापून काढणे आणि ‘ओमा’ असेल तर गाठ, एवढे लक्षात ठेवले की निम्म्या रिपोर्टचा रोख कळू लागतो.

‘स्टेथ’ हा धातू ज्यात आहे त्या स्टेथोस्कोपची हकिकत या विषयाशी जवळून निगडित आहे. १८१६ साली पॅरिसमधील रेने लेनेक या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिच्या छातीला कान लावून ठोके ऐकणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवून घेतली आणि तिला छाती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. आमच्या बायकांच्या संकोचाला अडाणीपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. रुग्ण स्त्रीच्या संकोचाचा मान राखून तपासणीची नवी वाट काढणे हे वैद्यकाच्या परंपरेतलेच आहे, आणि आज ती वाट भाषेची आहे.

आता मॅमोग्राफीच्या रिपोर्टविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सर्वांत मोठी घबराट आणि सर्वांत घातक निश्चिंतपणा या दोन्ही गोष्टी त्यातूनच निर्माण होतात. या रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ असे लिहून एक आकडा दिलेला असतो. अमेरिकेतील रेडिओलॉजी डॉक्टरांच्या संस्थेने १९९३ साली ही पद्धत आणली, आणि तिचा हेतू असा की कोणत्याही डॉक्टरने रिपोर्ट लिहिला तरी पुढच्या डॉक्टरला त्याचा एकच अर्थ लागावा. डॉक्टरांपुरता हा हेतू सफल झाला आहे. घरच्या माणसांना मात्र तो आकडा उलट दिशेने नेतो.

‘शून्य’ पाहून घरचे म्हणतात, काहीच नाही. वास्तविक शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे. आणखी फोटो, सोनोग्राफी किंवा जुने रिपोर्ट पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. म्हणजे शून्य आले तर घरी जायचे नाही, पुढची तपासणी करायची. एक म्हणजे काही आढळले नाही. दोन म्हणजे जे आढळले ते निरुपद्रवी आहे. तीन म्हणजे ते बहुधा निरुपद्रवी आहे, कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नाही, पण साधारणतः सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले पाहिजे. हे ‘पुन्हा पाहिले पाहिजे’ आमच्याकडे हमखास राहून जाते, कारण सहा महिन्यांनी एक तर भाताची कापणी असते किंवा घरात लग्न असते. चार म्हणजे संशयास्पद, सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी, आवश्यक. या चारचेही ए, बी, सी असे तीन पोटभाग आहेत: ए मध्ये कॅन्सरची शक्यता दोनपेक्षा जास्त ते दहा टक्के, बी मध्ये दहापेक्षा जास्त ते पन्नास टक्के, आणि सी मध्ये पन्नासच्या वर पण पंच्याण्णवच्या आत. पाच म्हणजे शक्यता पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून अधिक. सहा हा आकडा बायोप्सीने कॅन्सर आधीच सिद्ध झालेला असेल तेव्हाच लिहितात.

माझ्याकडे एका तरुण बाईचा रिपोर्ट घेऊन तिचा दीर आणि सासरे आले होते. रिपोर्टवर ‘४ए’ होते आणि गावातील कोणीतरी ते वाचून ‘चौथी स्टेज’ असे सांगितले होते. चौथ्या स्टेजला खर्च करून उपयोग काय, तिला माहेरी पाठवावे का, मुलांचे पुढे कसे करायचे, येथपर्यंत त्या घरात बोलणे झाले होते. ती स्वतः आमच्या पडवीत खांबाला टेकून बसली होती आणि तिच्याशी कोणी एक शब्द बोलत नव्हते. बाय-रॅड्सचा आकडा हा केवळ संशयाचा आकडा आहे. कॅन्सर शरीरात किती पसरला आहे हे सांगणारी स्टेज ही निराळी गोष्ट आहे, आणि कॅन्सर आहे हे ठरल्याशिवाय स्टेजचा प्रश्नच येत नाही, हे मी त्या तिघांना कागदावर बोट ठेवून सांगितले आणि ताबडतोब डॉक्टरांकडे परत पाठवले. बायोप्सीत ती गाठ फायब्रोअॅडिनोमा निघाली, जी विशेषतः तरुण स्त्रियांत आढळणारी आणि बोटाखाली सरकणारी निरुपद्रवी गाठ असते. पण माझे म्हणणे गाठ साधी निघण्यावर अवलंबून नाही. ती कॅन्सरची निघाली असती तरीही, एका आकड्याचा चुकीचा अर्थ लावून उपचारच न करण्याचा विचार एखाद्या घराने करावा, ही गोष्ट तितकीच भयंकर ठरली असती.

स्टेजला लागूनच ‘ग्रेड’ हा तिसरा आकडा येतो आणि गोंधळ आणखी वाढतो. ग्रेड एक ते तीन असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, त्या किती वेगाने वाढणाऱ्या असाव्यात, ते सांगते. ग्रेड तीन म्हणजे स्टेज तीन नव्हे.

आकड्यांनंतर ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ या दोन शब्दांविषयी लिहिणे भाग आहे. कोरोनाच्या काळापासून पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो, हे आमच्या आज्यांनाही ठाऊक झाले आहे. काखेतील गाठींविषयी निगेटिव्ह लिहिले असेल तर ते खरोखरच चांगले: तपासलेल्या गाठींत कॅन्सर सापडला नाही. पण त्याच कागदावर खाली ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींतील संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, ग्राहक) आणि हर-टू (त्या पेशींवरील एक प्रथिन) अशी तीन नावे असतात आणि तेथे हा नियम लागू पडत नाही. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह असणे म्हणजे त्या कॅन्सरची वाढ स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर अवलंबून आहे, आणि म्हणून टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या त्यावर चालू शकतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी त्यावर नेम धरणारी औषधे आहेत. हर-टूच्या पुढे ‘दोन प्लस’ लिहिले असेल तर उत्तर अर्धवट आहे आणि आणखी एक तपासणी करावी लागते. तिन्ही निगेटिव्ह असणे याला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. त्यावर उपचार आहेत, पण ते सुटकेचे चिन्ह नव्हे. ‘तिन्ही निगेटिव्ह आलेत’ म्हणून एखाद्या घरात देवाला नारळ फोडला जात असेल, तर त्यांना खरे सांगणारे कोणी हवे, आणि ते सांगण्याची जबाबदारी रिपोर्ट देणाऱ्यांची आहे.

‘ओमा’ने संपणारा प्रत्येक शब्द कॅन्सरचा नसतो, हेही आवर्जून सांगितले पाहिजे. फायब्रोअॅडिनोमा आणि लायपोमा या साध्या गाठी, कार्सिनोमा ही कॅन्सरची. ‘बेनाइन’ म्हणजे निरुपद्रवी आणि ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सरची, हे दोन शब्द तर प्रत्येक घरातील एका माणसाला माहीत असावेत. ‘डेन्स ब्रेस्ट’ हा आजार नाही. स्तनात चरबीपेक्षा ग्रंथी आणि तंतू जास्त आहेत, त्यामुळे मॅमोग्राफीत बारीक गाठ झाकली जाण्याचा संभव आहे, एवढेच त्यातून कळते. ‘टू ओ’क्लॉक पोझिशन’ असे लिहिलेले पाहून एक बाई दुपारी दोन वाजता कोठे जायचे आहे म्हणून विचारत आल्या होत्या. स्तनावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असे मानून गाठीची जागा काट्याच्या दिशेने सांगण्याची ही डॉक्टरांची पद्धत आहे.

छातीच्या एक्स-रेच्या रिपोर्टमधील शब्द त्या मानाने थोडे आहेत. ‘एनएडी’ म्हणजे दोष आढळला नाही. ‘ओपॅसिटी’ म्हणजे फुप्फुसावर दिसणारा पांढुरका डाग, ज्याचे कारण शोधावे लागते. ‘इफ्यूजन’ म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात साचलेले पाणी. ‘कन्सॉलिडेशन’ म्हणजे न्यूमोनियासारख्या आजारात फुप्फुसाचा भाग भरून घट्ट होणे, ज्याला आमच्याकडे ‘छाती भरली’ म्हणतात.

बाळंतिणींच्या बाबतीत मॅस्टायटिस हा शब्द कळणे फार गरजेचे आहे. दूध साकळून स्तन लाल, गरम आणि कडक होतो, थंडी वाजून ताप येतो, आणि चिठ्ठीवरील इंग्रजी नाव पाहून घरातील वडीलधाऱ्या बायका बाळाला पाजणे बंद करायला लावतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याच्या उलट आहे: पाजणे चालू ठेवावे, दूध साचू देऊ नये आणि डॉक्टरांकडून औषध घ्यावे. पुरुषांविषयीही एक वाक्य लिहिले पाहिजे. स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे एक टक्का रुग्ण पुरुष असतात, आणि त्यांच्या तोंडून ‘ब्रेस्ट’ हा शब्द निघणे बायकांहून कठीण असते.

हे सारे आजच लिहिण्याचे कारण असे की हा आजार आता दूरच्या शहराचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रियांचा त्यात मृत्यू झाला. सरकारच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य केंद्राच्या पातळीवर करण्याची तरतूद आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी स्त्रियांच्या घरांजवळच दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. महागडे यंत्र तेथे नव्हते. होती ती शिकलेली बोटे, आणि त्या स्त्रियांशी त्यांच्या भाषेत बोलणारी बाई. आमच्या आशाताई हे काम करू शकतात. खानापूरच्या जंगलभागातील वाड्यांपर्यंत त्या पोहोचतात, घरोघरी त्यांना ओळखतात. पण त्यांच्या हातातील माहितीपत्रक मराठी घरात जाते ते कन्नडमध्ये, आणि दवाखान्यातून परत येतो तो रिपोर्ट इंग्रजीत.

यावर माझ्या काही विनंत्या आहेत. १९५६ च्या केंद्र सरकारच्या भाषिक अल्पसंख्याकविषयक निवेदनानुसार, ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखादी भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. स्तनतपासणीचे माहितीपत्रक ही महत्त्वाची सूचना नव्हे असे कोणी म्हणणार नाही. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने ते कन्नडबरोबर मराठीतही काढावे. यासाठी मोर्चाची किंवा ठरावाची वाट पाहण्याची गरज नाही, एका अधिकाऱ्याची सही पुरे. खासगी दवाखाने आणि लॅब यांनी इंग्रजी रिपोर्ट तसाच ठेवावा, कारण तो पुढच्या डॉक्टरांसाठी आहे. परंतु त्याला मराठी आणि कन्नडमधील एक छापील पान जोडावे, ज्यात बाय-रॅड्सचे सात आकडे, स्टेज, ग्रेड आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांचे अर्थ असतील. बेळगावात वैद्यकीय शिक्षणाची मोठी सोय आहे आणि येथे दूरदूरच्या राज्यांतून मुले-मुली शिकायला येतात. त्यांना पहिल्या वर्षीच ‘छातीत’ आणि ‘अंगावर’ या दोन शब्दांतील फरक आणि कन्नड ‘एदे’चे दोन अर्थ शिकवले, तर त्यांच्या हातून लिहिली जाणारी चिठ्ठी बरोबर जाईल. मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांची तर आमच्या भागात वाण नाही. त्यांनी रिपोर्टखाली पेनाने दोन ओळी मराठीत लिहाव्यात: गाठ साधी वाटते की संशयाची आहे, आणि पुन्हा केव्हा यायचे. या दोन ओळींना एक मिनिट लागते; बाई मात्र तो कागद वर्षभर जपून ठेवते.

आणि बायकांना माझे सांगणे असे की गाठ अंगावर असेल तर दवाखान्यात ‘स्तनात गाठ आहे’ असे स्पष्ट म्हणावे. तोंडाने म्हणता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्यावे, किंवा मुलीला, सुनेला बरोबर नेऊन तिला बोलू द्यावे. छातीचा एक्स-रे काढून झाला असेल तरीही हे सांगणे राहू देऊ नये. सुई लावली की गाठ पसरते, ही भीतीही मनातून काढून टाकावी. बायोप्सीच्या सुईमुळे कॅन्सर फैलावतो या समजाला वैद्यकीय आधार नाही, उलट तिच्याशिवाय नेमका उपचार ठरत नाही.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी एवढीच आहे की आरोग्याच्या पानावर दर आठवड्याला पाव रकाना या शब्दांसाठी द्यावा. रिपोर्टमध्ये नेहमी येणाऱ्या शब्दांची एक यादी, त्यांच्या साध्या मराठी अर्थांसह, या पत्रासोबत जोडली आहे. ती मी शब्दकोश आणि डॉक्टरांशी झालेले बोलणे यांच्या आधारे केली आहे. तरी छापण्यापूर्वी एका सर्जनकडून आणि एका रेडिओलॉजिस्टकडून ती तपासून घ्यावी, आणि त्यांनी सुचवलेले बदल मला न विचारता करावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
ता. खानापूर, जि. बेळगाव